कर्ता कोण?

तालुक्याच्या गावाला एसटी स्टँड, तहसील कचेरी आणि एक इंग्रजीचे सर असतातच. आमचे सर खिशाला दोन पेनं लावत, एक निळं आणि एक लाल. निळ्याची रिफिल वर्षभर पुरायची, लालची पंधरवड्याला संपायची. वाचनालयात इंग्रजी पेपर एक दिवस शिळा यायचा, पण सर तो बातम्यांसाठी वाचतच नसत. अग्रलेखातलं चुकलेलं प्रीपोझिशन लाल पेनाने दुरुस्त करून ते पेपर घडी घालून जागेवर ठेवत. ही दुरुस्ती मुंबईला कधी कळली नाही. आमच्या गावात मात्र अग्रलेख शुद्ध वाचला जाई.

आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवलेली पोरं. पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली, तोवर आमच्या जिभा वळायच्या राहूनच गेल्या होत्या. त्या वळवायच्या म्हणून की काय, सरांचा सगळा जीव पिळण्या-वाकवण्याच्या क्रियापदांत. माझा तर्क वेगळा आहे. अंगाला हात न लावता पोरांचे कान पिरगळायची तेवढीच एक वाट त्या सज्जन माणसाला सापडली असावी. सोमवारी फळ्यावर पाच शब्द पडत: ट्विस्ट, बेंड, रिंग, रेंच, कन्टॉर्ट. खाली रेघ, आणि रेघेखाली ‘वाक्यात उपयोग करा’.

मागून आम्ही त्यांना ‘पीळ’ म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा हजेरी घेता घेता मान वर न करता म्हणाले, “नाऊन की व्हर्ब?”

पाचातल्या रिंगने आमचा घात केला. हा अंगठीचा किंवा घंटेचा रिंग नव्हे. याच्या पुढे एक मुका डब्ल्यू असतो आणि याचा अर्थ कपडे पिळणे. देवनागरीत लिहिताना तो डब्ल्यू गळून पडतो, सरांना मात्र तो तिथे बसलेला दिसायचा. “रिंग, रंग, रंग,” ते पाढ्यासारखं म्हणून घेत. सहामाहीला ‘मदर रंग द क्लोथ्स’ याचं भाषांतर आलं. अर्ध्या वर्गाच्या आईने कपडे रंगवले. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या आईने कपड्यांची घंटा वाजवली. कपडे पिळणारी आई एकाच पेपरात निघाली, आणि ते पोर पुढे बारावीनंतर मुंबईला गेलं.

सर खचले नाहीत. पुढच्या तासाला त्यांनी मुक्या डब्ल्यूचं सगळं खानदानच फळ्यावर आणलं. डब्ल्यूला लागून आर दिसला की काहीतरी वळलेलं, पिळलेलं असणार, अशी खूणगाठ बांधा म्हणाले. रिस्ट म्हणजे मनगट, कारण ते वळतं. रेसल म्हणजे कुस्ती. राय म्हणजे वाकडं झालेलं तोंड. रीथ म्हणजे पानंफुलं वळून केलेलं चक्र. आणि रॉंग! “चुकीला इंग्रज रॉंग म्हणतो. मूळ अर्थ वाकडा,” हे सांगताना सरांचा आवाज कीर्तनकारासारखा चढला. तेवढ्यात मागच्या बाकावरून विचारणा झाली, “सर, मग आपल्या रेन अँड मार्टिनमधला रेन?” त्यातही मुका डब्ल्यू होताच. खाकी कागदाचं कव्हर घातलेल्या त्या ग्रंथाकडे सरांनी क्षणभर संशयाने पाहिलं. “रेन हा पक्षी आहे. त्याचा पिळण्याशी संबंध नाही,” ते म्हणाले, आणि विषय बदलायला रेनसाहेबांची ‘बो जेस्ट’ ही 1924ची वाळवंटातल्या सैनिकांची कादंबरी सांगायला लागले. ती बरी होती. व्याकरणापेक्षा पुष्कळच बरी.

रेंच हा शब्दही त्याच खानदानातला: हिसका देऊन पिळणे. दहावीला इंग्रजीत चारदा गचकलेल्या एकाने स्टँडमागे गॅरेज टाकलं होतं. सर स्कूटर घेऊन गेले की तो पान्हा उंच धरून म्हणायचा, “सर, रेंच. वाक्यात नाही, नटात उपयोग करतो.” सर पैसे देताना पाच रुपये जास्त देत.

ट्विस्टला मराठी शब्द विचारला तेव्हा मात्र वर्गाने सरांची पंचाईत केली. आजी वाती वळते, लाडूही वळते. कान पिरगळतात, कोंबडीची मान मुरगळतात, नाक मुरडतात, मिशीला पीळ देतात, आणि पोटात येतो तो मुरडा. फळा भरला. सर मागे सरकून बघत राहिले. इंग्रजीचा गरिबीचा संसार असा चारचौघांत उघडा पडलेला त्यांना आवडला नसावा. त्यांनी डस्टर फिरवलं.

पण सरांचा खरा हुकमी प्रश्न एकच: “कर्ता कोण?” काठी वाकली, दार पिळवटलं, तार मुरडली, असं काही मराठीत निष्पाप मनाने म्हणावं, तर सर लगेच फौजदारासारखे कर्त्याच्या शोधात निघत. मी एकदा रजेच्या अर्जात लिहिलं, ‘माय लेग ट्विस्टेड’. दहापैकी शून्य.

“पाय आपला आपण ट्विस्ट झाला? नाचला? ‘भूत बंगला’ बघून आला काय तुझा पाय?” 1965च्या त्या सिनेमातला ट्विस्टचा नाच सरांनी तरुणपणी पाहिला असणार, नाहीतर तो एवढ्या चटकन आठवता ना. “आय ट्विस्टेड माय अँकल. तू मुरगळलास. तू कर्ता.”

“सर, मी नाही मुरगळला, तोच मुरगळला.”

“इंग्रजीत तो मुरगळत नाही. त्याला मुरगळावं लागतं.”

“पण सर, ‘द रोड बेंड्स’ तुम्हीच लिहून दिलंय. रस्ता आपला आपण वाकतो, मग पाय का नाही?”

सर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बाकावर उभा राहा.”

परवा पावसात वाचनालयाच्या पायरीवरून सर घसरले. निवृत्तीनंतरही ते शाळेत जादा तास घेतात. मी भेटायला गेलो तर पाय उशीवर, घोट्याला आंबेहळदीचा लेप, आणि समोर कोरा कागद. हात थरथरत होता म्हणून रजेचा अर्ज मी लिहायचा ठरला.

“लिही. आय हॅव ट्विस्टेड...” सर थांबले. “नको. म्हणजे मीच मुद्दाम... स्प्रेन्ड लिही. नाही, तिथेही मीच आलो.” मग रेंच झाला. त्यात हिसका होता, आणि तोही पुन्हा त्यांनीच दिलेला निघाला. तीन कागद गेले.

आतून काकू ओरडल्या, “अहो, पाय मुरगळला एवढंच लिहा की!”

“तेच लिहितोय!” सर म्हणाले. मग खिडकीकडे बघत हळूच, “लिही. माय लेग ट्विस्टेड.”

माझं पेन थांबलं.

“बघतोस काय माझ्याकडे? आत्ताच्या हेडमास्तरांचं इंग्रजी तेवढंच आहे.”