पूल नसलेलं बेट

इतर गावांत दिवाळी आवाजाने सुरू होते, सुरतेच्या उधन्यात ती आवाज बंद पडून सुरू होते. वर्षभर दिवसपाळी-रातपाळीत खटखटणारे लूम एका संध्याकाळी थांबतात आणि आमच्या गल्लीतली तान्ही मुलं दचकून जागी होतात. शेजारच्या घरातली भांडणं एरवी नुसत्या हातवाऱ्यांवरून ओळखावी लागतात. ती आता शब्दांसकट ऐकू येतात. त्यानंतर त्या माणसांशी गोड बोलणं अवघड होतं. लाभपाचमीपर्यंत उधना रिकामं करण्याची चाल यातूनच पडली असावी. (कारखानदार सुट्टीची वेगळी कारणं देतात.) ओडिशाचे कारागीर ओडिशाला जातात, यूपी-बिहारचे तिकडे, आणि आम्ही खानदेशी तापी लाइनीने बारडोली, व्यारा, नवापूर करत नंदुरबारकडे. नवापूरचं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. आमचे मामा गाडीत कुठल्या डब्यात बसायचं ते या हिशेबाने ठरवतात. मागच्या डब्यात जागा मिळालेल्या साडूच्या आधी महाराष्ट्रात पोचलो, एवढा आनंद त्यांना वर्षभर पुरतो.

असे हे मामा एका दिवाळीला म्हणाले, ‘‘औंदा गाव नही. औंदा बेट.’’

2024 च्या जानेवारीत पंतप्रधान लक्षद्वीपच्या वाळूत खुर्ची टाकून बसल्याचे फोटो सगळ्यांच्याच मोबाइलवर येऊन गेले होते. लोकांनी त्यात समुद्र पाहिला. मामा पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर आहेत. उभ्या जन्मात कामावर त्यांना बसायला मिळालेलं नाही. त्यांनी खुर्ची पाहिली.

मी लूमखात्यात हिशेब लिहितो, त्यामुळे स्वस्तातला पर्याय आधी सुचवणं हा माझा धर्म. म्हटलं, मामा, दीव आहे की जवळ. ‘‘दीवला बस जाते,’’ मामा म्हणाले. दीवला पूल आहेत हे खरंच. मग बेट द्वारका. ओख्याहून तिथे पिढ्यान् पिढ्या माणसं बोटीने गेली. पण 25 फेब्रुवारी 2024 ला सुदर्शन सेतू खुला झाला आणि सव्वादोन किलोमीटरच्या वर लांबीच्या त्या पुलाने मामांच्या यादीतून द्वारकाही खोडली. घराजवळ हजिऱ्याहून घोघ्याला फेरी सुटते. 2020 च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली तेव्हा रस्त्याचे 370 किलोमीटर पाण्यावरून 90 झाले म्हणून केवढं कौतुक झालं होतं. पण ट्रक, मोटारी, माणसं सगळं पोटात घालून ती पोचते कुठे? भावनगर जिल्ह्यात. मामांच्या मते बेट म्हणजे पूल नसलेली जमीन. मुंबईसुद्धा सात बेटांची होती, असं मी शेवटचं सांगून पाहिलं. ‘‘होती ना?’’ म्हणून त्यांनी विषय मिटवला.

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा चारित्र्याचा दाखला. दाखल्याच्या चौकशीला आलेल्या हवालदाराने विचारलं, तिथे कोण आहे तुमचं? कोणी नाही, म्हटल्यावर तो पहिल्यांदा सावध झाला. उधन्यातून माणूस जातो तो नातेवाइकाकडे, लग्नाला, नाहीतर मयतीला. कोणी नसलेल्या ठिकाणी चार माणसं मिळून जातात म्हणजे काहीतरी भानगड असणार. शेवटी त्याने तर्क लावला तो गुजरातेतल्या माणसाने लावावा असाच होता: ‘‘दारू प्यायला?’’ लक्षद्वीपमध्येही दारूबंदी आहे. बंगाराम हे एक बेट सोडलं तर थेंब मिळत नाही, हे मी त्याला समजावलं. दारूबंदीतून निघून, वाटेतलं दमण टाळून, गोव्यावरून गाडी नेऊन, शेवटी परत दारूबंदीतच उतरणारी माणसं त्याच्या नोकरीत त्याला भेटली नसावीत. दाखला तात्काळ मिळाला. याहून चांगलं चारित्र्य ते कोणतं!

कोकण रेल्वेने कोचीला पोचेपर्यंत मामींच्या पिशवीतल्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेव यांचा पहिला हप्ता संपला होता. जहाज सुटतं ते विलिंग्डन बेटावरून. हे बेट देवाने केलेलं नाही. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनियरने बंदर खोल करताना निघालेला गाळ टाकून ते उभं केलं. ज्या विलिंग्डनसाहेबाच्या नावाने सांगलीत कॉलेज आहे आणि मुंबईत क्लब, त्याच्याच नावाने हे बेट. म्हणजे बेटावर जायला आधी बेटावर जायचं. मामा क्षणभर हरखले. पण आमची रिक्षा पुलावर चढली आणि त्यांनी तोंड फिरवलं.

एम. व्ही. कवरत्ती हे जहाज 2008 साली विशाखापट्टणमला बांधलेलं, सातशे माणसं नेणारं. आमचं पॅकेज असं की रात्री जहाज चालणार, सकाळी एक बेट दाखवणार, संध्याकाळी परत जहाजावर झोपायचं. चार बर्थची केबिन. मी, बायको, मामा, मामी. पर्यटकांना वाटतं जहाज आपल्यासाठी सुटतं. प्रत्यक्षात ते बेटावरच्या लोकांचं घरी जाण्याचं साधन आहे. कोचीच्या दवाखान्यातून परतणारे म्हातारे, कॉलेजची पोरं, गाद्या, पंखे, कांद्याची पोती, टेपने गुंडाळलेला मिक्सर. खालच्या बंक क्लासमध्ये डोकावून मामा परत आले ते उजळलेल्या चेहऱ्याने: ‘‘अरे, भुसावळ पॅसेंजर शे ही!’’ त्यानंतर ते आमच्या केबिनमध्ये फक्त झोपायला आले. मल्याळम येत नसताना त्यांनी खाली तीन जणांची प्रकृती विचारली आणि एका पोराला शेव भरवली.

शेजारच्या केबिनमध्ये बंगळूरचं एक तरुण जोडपं होतं. इंजिनाच्या घरघरीने डोळ्याला डोळा लागला नाही, असं ते सकाळी सांगत होते. आम्ही चौघं मात्र लूम बंद झाल्यापासून पहिल्यांदाच गाढ झोपलो होतो.

मामींना बोट लागली ती त्याच सकाळी. ओवा, लिंबू, आल्याचा तुकडा, सगळं झालं. ‘‘दूर बघा, क्षितिजाकडे बघा,’’ असं कोणीतरी सुचवलं. मामींनी पाहिलं आणि म्हणाल्या, तेच तर हलतंय. त्यात जहाज बेटाला लागत नाही हे कळलं. आत लगूनचं पाणी उथळ, म्हणून आम्हांला बाहेरच्या खोल समुद्रात थांबवून छोट्या होडीत उतरवणार होते. जहाजाच्या कुशीत एक दार उघडतं, समोर होडी एकदा गुडघ्याशी येते, एकदा माणूसभर खाली जाते, आणि दोन खलाशी तुमचे दंड धरून योग्य लाटेची वाट पाहतात. मामी म्हणाल्या, ‘‘माले नही जमाव!’’ खलाशाला अहिराणी समजत नव्हती आणि लाटेला थांबायला वेळ नव्हता. पुढच्या क्षणी मामी होडीत होत्या, पिशवीसकट. इतक्या वर्षांच्या संसारात मामींना पायरी न चढता-उतरता कुठे पोचवणारा माणूस हा पहिलाच, असं त्यांनी नंतर मामांना ऐकवलं.

लगूनच्या रंगाबद्दल चार ओळी लिहायची पद्धत आहे. निळा होता, मधे हिरवा. सुरतेच्या कापड मार्केटात त्याला फिरोजी म्हणतात. बायकोने त्या रंगाची साडी कोणत्या काठावर शोभेल ते ठरवलं, आणि मामांनी ओंजळीत पाणी घेऊन निर्णय दिला, ‘‘पहिल्या धुण्यात जाईल.’’

कवरत्तीला बाकीचे लोक काचेच्या तळाच्या होडीतून पोवळी बघत असताना मामा हरवले. सापडले ते समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या संयंत्राबाहेर. 2005 साली राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने उभारलेलं हे संयंत्र दिवसाला एक लाख लिटर पाणी करू शकतं. युक्ती अशी: वरचं पाणी कोमट, अठ्ठावीस अंशांच्या आसपास, साडेतीनशे मीटर खाली तेच बारा-तेरा अंशांवर. हवा काढून घेतलेल्या टाकीत वरचं पाणी सोडलं की ते तेवढ्याच उष्णतेवर उकळायला लागतं. ती वाफ खालून ओढलेल्या गार पाण्याने थंड केली की प्यायचं पाणी तयार. हे सगळं तिथला एक माणूस हिंदीत सांगत होता आणि मामा उलटतपासणी घेत होते.

‘‘कोळसा किती?’’

‘‘नाही लागत.’’

‘‘बॉयलर?’’

‘‘नाही.’’

‘‘मग बॉयलर अटेंडंट?’’

तोही नव्हता. मामा फाटकाला धरून उभे राहिले. आगीशिवाय वाफ, म्हणजे त्यांच्या उभ्या आयुष्याला कोणीतरी ‘गरज नव्हती’ असा शेरा मारल्याचा प्रकार. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, पंप कशावर चालतात? विजेवर. आणि वीज? डिझेलवर. ‘‘हां! म्हणजे जळतंय कुठेतरी,’’ मामा म्हणाले आणि त्यांना भूक लागली. निघताना मला मात्र बजावलं, की हे पांडेसऱ्यात कोणाला सांगू नकोस.

कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर पोवळ्याच्या दगडांचा ढीग आहे. 1847 च्या वादळाने तो समुद्रातून उचलून फेकला. तो आम्ही आदराने पाहिला. नारळपाणी झालं, लोकनृत्य झालं. मग गाइडने आवाज खाली आणून सांगितलं, की आता तुम्हांला या बेटावरची एक खास जागा दाखवतो. आम्ही वाळूतून, माडांखालून, घामाघूम होत त्याच्यामागे गेलो. खास जागा म्हणजे बनियनचा कारखाना.

लूमपासून पळून, रेल्वे, जहाज, होडी बदलत, मामींना लाटेवरून फेकून आम्ही होजियरीच्या दारात उभे होतो. बाकीचे पर्यटक दोन मिनिटांत बाहेर पडले. आम्ही तासभर हललो नाही. बायको घरी साड्यांचे धागे कापते. तिने कापड अंगठ्या-तर्जनीत चोळून सुताचा नंबर सांगितला आणि तिथल्या बाईने मान हलवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण मजुरीचे दर बोटांवर सांगून झाले आणि दोघींनीही कपाळावर हात मारून घेतला. मामींनी बनियनचे अर्धा डझन नग घेतले. आपल्याकडे यापेक्षा स्वस्त मिळतात, असं मी म्हणताच त्या म्हणाल्या, ‘‘तिथले काय बेटावरचे आहेत का?’’

मिनिकॉय सगळ्यांत दूर, दक्षिणेला. मालदीव तिथून जवळ आणि भाषाही तिकडची, उजवीकडून डावीकडे लिहायची. 1885 चा दीपस्तंभ चढून आम्ही पाहण्यासारखं सगळं पाहिलं. या बेटावरचे पुरुष पिढ्यान् पिढ्या जगभरच्या जहाजांवर नोकरी करत आले आहेत. असाच एक निवृत्त खलाशी माडाखाली बसला होता आणि मुंबईच्या गोदीत शिकलेलं झणझणीत हिंदी बोलत होता. सुरत म्हटल्यावर त्याने विचारलं, तुमच्याकडे समुद्र कसा आहे? डुमसला आहे, मामा म्हणाले. आम्ही त्याच्याकडे पाठ करून टमाट्याची भजी खातो.

मग तो म्हणाला, एवढ्या लांब बेट बघायला आलात, तुमच्याकडे एकही नाही?

मामांनी पुलांची सगळी कैफियत मांडली. दीव गेलं, द्वारका गेली. मग जरा थांबून म्हणाले, ‘‘एक आहे. लिंबायतला. जोराचा पाऊस झाला की मिठी खाडी वर येते, आणि आमच्या मेव्हण्याच्या घराला चारी बाजूंनी पाणी. बोट लागते.’’

खलाशी पुढे सरकला. बोट कोणाची?

‘‘महापालिकेची. फायर ब्रिगेडवाले चालवतात.’’

‘‘भाडं?’’

‘‘फुकट.’’

‘‘परवाना?’’

‘‘काही नाही.’’

कुठल्या महिन्यात यावं, असं त्याने विचारलं. मामांनी त्याला मेव्हण्याचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाले, जुलैत ये. पण हाक मोठ्याने मार, घरची माणसं माळ्यावर असतात.