टॅरँटुलाच्या पेटीतली ओल : पतिराजांसाठी नियमावली

ज्या घरात नवरा टॅरँटुला पाळतो आणि बायको त्या दोघांना पाळते, अशा शिकागोतल्या सर्व घरांना ही नियमावली लागू राहील.

कलम १. आधी बाईचं माहेर विचारावे. आमची यमू चिली रोझ, म्हणजे चिलीतल्या कोरड्या झुडपी रानातली. तिला सुकी मातीच मानवते. ॲमेझॉनकडची गोलायथ असती तर ओल लागली असती.

कलम २. कोकोपीटची वीट पाण्यात भिजवून फुलवावी आणि यमूसाठी पुन्हा खडखडीत वाळवावी. देवदाराचा भुसा वर्ज्य. त्यातलं तेल कोळ्यांना बाधतं. तुळशीच्या कुंडीतली माती उचलू नये. तिच्यात खत असतं, आणि तुळस माझी आहे. थर भरपूर जाड द्यावा. माती आणि झाकण यांत कोळ्याच्या पायपसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त अंतर नको. ही जमिनीवरची जात काचेवर चढते नि धपकन पडते. पोट फुटलं की संपलं. उंच पेटी शोभेला बरी दिसते, हे कारण ग्राह्य धरले जाणार नाही.

कलम ३. हवेतली ओल मोजणारा हायग्रोमीटर घेऊ नये. घेतलाच तर रात्री उठून पाहू नये. हिवाळ्यात हीटर लागला की आकडा उतरतो, आणि हा माणूस स्प्रे घेऊन धावतो. अहो, माझे ओठ फुटलेत, टाचांना भेगा पडल्यात! मी ह्युमिडिफायर मागितला की विजेचं बिल आठवतं. फवाऱ्यानं वरची माती भिजते, लगेच सुकते, आणि यमू मात्र चिडून मागच्या पायांनी अंगावरचे केस उडवते. मग हात खाजवत बसायचं. तिला पाण्याची पसरट वाटी पुरे. ओल लागणाऱ्या जातींनाही स्प्रे नव्हे; एका कोपऱ्यात पाणी ओतून तळाशी झिरपू द्यावे, वर कोरडं राहू द्यावे.

कलम ४. झाकणाची भोकं बुजवू नयेत. बुरशी येते.

कलम ५. यमू मातीवर पाय टेकेना, काचेलाच चिकटून राहिली, तर बहुधा माती ओली आहे. सारखी वाटीवर ठाण मांडून बसली तर पेटी फार सुकली आहे. न बोलता एवढं सांगते बिचारी. मी बोलून सांगते, तरी उपयोग नाही.

कलम ६. उताणी पडली म्हणजे मेली नव्हे; कात टाकते आहे. फुंकर, चमचा, स्प्रे आणि आईला व्हिडिओ कॉल, चारही बंद. पेटीतले रातकिडे तेवढे काढावेत, कोवळं अंग कुरतडतात.

कलम ७. मादी २० वर्षांहून अधिक जगू शकते. तिला एकटीनं सांभाळायची माझी तयारी नाही. सबब पतिराजांनी उद्यापासून सकाळी चालायला जावे.