पोहोचलो, काळजी नसावी

फुकटच्या मेलपेटीत जेमतेम दोन एमबी जागा मिळायची, त्या काळी माणसं मोठी शिस्तीची होती. हॉटमेल उघडायचं, पत्रं वाचायची, उत्तरं द्यायची आणि उठण्यापूर्वी झाडलोट करायची. सायबर कॅफेचं घड्याळ चालू असायचं ते वेगळंच. कुणी हौसेने नायगराचा फोटो जोडून पाठवला की पेटी तुडुंब, आणि पुढची पत्रं आल्या पावली परत. मग १ एप्रिल २००४ रोजी जीमेल अवतरलं, तब्बल एक जीबी घेऊन. तारीख बघून पुष्कळांना तो एप्रिल फूलच वाटला. काही पुसू नका, लागेल तेव्हा शोधा, असा त्याचा एकंदर उपदेश. आचरायला इतका सोपा उपदेश क्वचितच कुणी केला असेल. सगळ्यांनी तो मनोभावे पाळला.

त्याची फळं आता दिसताहेत. फुकटची जागा वाढत वाढत पंधरा जीबीवर गेली खरी, पण तीत ड्राइव्ह आलं आणि १ जून २०२१ पासून नव्या फोटोंचं बिऱ्हाडही तिथेच आलं. शिवाय मेलला जोडलेली फाईल मूळच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने फुगते. मेलची यंत्रणा मुळात अक्षरांसाठी घडलेली. फोटोलाही अक्षरांचा वेष घेऊनच तिथून जावं लागतं. बारशाचा एक फोटो आपण साऱ्या गोतावळ्याला पाठवायचा, तिघी मावश्यांनी तो पुढे ढकलताना पुन्हा आपल्यालाही पाठवायचा, आणि ‘जागा संपत आली’ ही सूचना आली की खापर गूगलवर फोडायचं.

‘बॅकअप आहे की! फोनवर दिसतं, लॅपटॉपवर दिसतं,’ असं म्हणणारा एकजण घरोघर असतो. आरशासमोर उभं राहून आपण दोघे आहोत असं म्हणण्यापैकीच हे. आयमॅप पद्धतीत सगळीकडे दिसते ती एकच पेटी. फोनवर पुसलं की लॅपटॉपवरूनही जातं. खरी प्रत वेगळी काढावी लागते. गूगलपुरतं बोलायचं तर त्यासाठी २०११ पासून टेकआऊट नावाची सोय आहे. यादीतल्या बाकी सगळ्या खुणा काढून फक्त मेल ठेवायचं आणि वाट बघायची. पेटी मोठी असली तर दिवस-दोन दिवससुद्धा. तयार झालं की कळवतात, तेही मेलनेच, त्याच भरलेल्या पेटीत. उतरवून घ्यायला आठवडाभराची मुदत. लग्नाच्या हॉलवाल्यापेक्षा बरी.

हाती लागते ती एमबॉक्स जातीची अगडबंब फाईल. साऱ्या वर्षांची पत्रं साध्या मजकुराच्या रूपात एकाखाली एक. ती नोटपॅडने उघडायच्या फंदात पडू नये, संगणक आ वासतो. थंडरबर्ड हा फुकटचा प्रोग्रॅम आणि आयात करून देणारं ॲड-ऑन घेतलं की पेटी पुन्हा पेटीसारखी दिसते. फाईल एकाच पेनड्राइव्हवर ठेवून निर्धास्तही होऊ नये. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतली पत्रं गायब झाली. ठिकठिकाणी ठेवलेल्या प्रतीही त्या घोटाळ्यातून सुटल्या नाहीत. शेवटी खुद्द गूगलने ती परत आणली चुंबकीय टेपवरून.

इथवर सगळं यंत्राचं काम, म्हणून सोपं. खरी पंचाईत वाचताना होते. २००० च्या आगेमागे आलेली मराठी फाईल उघडून बघा. शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फॉण्टांत मराठी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असत. फॉण्ट नसला की खालची अक्षरं उघडी पडतात, आणि चि. सौ. कां. च्या बायोडेटात ‘वर्ण: गोरा’च्या जागी डॉलर, कंस आणि स्वल्पविराम नांदताना दिसतात. बॅकअपने फाईल जपली, मजकूर जपला नाही. पत्राचा मजकूर तर बहुतेकांनी रोमन लिपीतच लिहिला, प्रत्येकाने आपापल्या मगदुराप्रमाणे. दिवाळी शोधायला जावं तर ती कुणी डब्ल्यूने लिहिलेली, कुणी व्हीने, आणि एका काकूंनी शेवटी दोन ई जोडून लांबवलेली. इथे गूगलही हात टेकतं.

आमचे एक आप्पा बँकेतून निवृत्त झालेले, मुलगा न्यू जर्सीला. आलेला प्रत्येक मेल ते कॅफेत छापून घ्यायचे, डाव्या अंगाला पंचने दोन भोकं पाडायची आणि बॉक्स-फाईलमध्ये तारीखवार लावायचा. ‘पोहोचलो, काळजी नसावी’ एवढ्या एका ओळीला अख्खं ए-फोर पान, वर निळ्या पेनने ‘उत्तर दिले’ असा शेरा आणि आद्याक्षरांची सही. पोरं हसायची. मुलाचं ते जुनं खातं कधीच बंद पडलं. आज त्या घरातली त्या वर्षांची वाचता येणारी पत्रं आप्पांच्या फाईलमध्येच आहेत, आणि हसणारे तिचं पान उलटण्यापूर्वी हात पुसतात.

काय ठेवावं आणि काय पुसावं, यावर मात्र माझं मत आप्पांपेक्षा कडक आहे. ओटीपी, सेलच्या जाहिराती, सुविचारांखाली सूर्योदय जोडलेले फॉरवर्ड हे सगळं बेलाशक जावं. पण ‘पोहोचलो’, ‘गॅसचा नंबर लावला का’, ‘आजीचा मोतीबिंदू झाला, डोळा छान’ असल्या ओळींना हात लावू नये. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून पंचेचाळीस खंड काढले. त्या दफ्तरात लढायांपेक्षा हिशेबाचे कागदच जास्त आहेत, आणि त्या काळी लोक कसे जगत, हे कळतं ते त्या हिशेबांवरूनच.

तर वाचकहो, एक करा. दोन वर्षं न उघडलेली वैयक्तिक खाती आतल्या मजकुरासकट काढून टाकायला गूगलने डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केली आहे. कॉलेजात असताना चमत्कारिक नावाने काढलेलं ते खातं या रविवारी उघडाच. पासवर्ड आठवत नसेल तर रविवारचीही वाट बघू नका. त्याचा ओटीपी ज्या नंबरवर जाणार, तो नंबर कंपनीने एव्हाना दुसऱ्याच कुणाला देऊन टाकलेला असू शकतो.