बुवा प्रवासात आहेत

बुवा घरी असतील का, हे विचारायला फोन करावा लागत नाही. बुवा घरीच असतात. ते प्रवासलेखक आहेत.

नव्या रायपुरात सेक्टर २९ मध्ये, तिसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड. कॉलनीचा चौकीदार त्यांना 'ब्लॉगवाले भैया' म्हणतो. आम्ही तात्यापाऱ्यातली जुनी मराठी मंडळी त्यांना बुवा म्हणतो, कारण साधं अभनपूरला जाऊन आले तरी ते कीर्तनाला उभं राहिल्यासारखं सांगतात. आधी पूर्वरंग, मग उत्तररंग आणि ताट फिरवायच्या वेळी 'चॅनेल सबस्क्राइब करा'. चाळिशी उलटली आहे. अंगात बारमाही डझनभर खिशांचं जाकीट असतं. मे महिन्यातही. रायपूरचा मे म्हणजे काय, हे निदान नागपूरकरांना सांगायला नको. त्या खिशांतून काय निघतं म्हणाल, तर चार्जर, चार्जरची वायर, त्या वायरीला जोडायची दुसरी वायर आणि वहिनींनी दिलेली 'कोथिंबीर, आलं, मीठ' अशी चिठ्ठी.

त्यांच्या खोलीत एक पांढरा बोर्ड आहे. त्यावर तीन रकाने : 'चालू', 'अर्धवट' आणि 'लवकरच'. मी मागे गेलो तेव्हा 'चालू'खाली एकच चिठ्ठी होती : 'बोर्ड अद्ययावत करणे'. बाकीच्या दोन रकान्यांत मात्र चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली. मराठीतली प्रवासवर्णनं आहेत, हिंदीतले व्हिडिओ आहेत ("भाऊ, मराठीला मान आहे, पण व्ह्यूज हिंदीला आहेत"), छत्तीसगडातल्या धर्मशाळांची सूची आहे, सहलीचा आराखडा आपोआप करून देणारं ॲप आहे, आणि दर रविवारी निघणारं एक वार्तापत्र आहे, जे बुधवारी येतं.

पॉडकास्टची कथा स्वतंत्र सांगण्यासारखी. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या घरातले बिंबाजी रतनपूरला येऊन राहिले आणि त्यांच्या मागोमाग कारकून, भिक्षुक, शिलेदार असा मराठी माणूस या मुलखात पसरला. या घराण्यांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, अशी बुवांची कल्पना. कल्पना उत्तमच आहे, यात मला शंका नाही. पहिल्या भागाला त्यांनी स्वतःच्या आत्याला बसवलं. माइक लावला, पंखा बंद केला, आणि गंभीर आवाजात विचारलं, "आपले पूर्वज इकडे कधी आले?"

आत्या म्हणाल्या, "पूर्वजांचं मला नाही माहीत. पण वाटणीच्या वेळी पितळी घंगाळं कोणी उचललं, ते सांगते. लिहून घे."

पुढची चाळीस मिनिटं घंगाळं, दोन समया, एक वजनदार तांब्याचा हंडा आणि एक चुलत दीर. मध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या. रेकॉर्डिंग अप्रतिम झालं. पण ते बाहेर आलं तर घरातली दोन माणसं कोर्टात उभी राहतील, म्हणून तो भाग 'लवकरच'च्या रकान्यात जाऊन बसला आहे.

बुवांना डोमेन घ्यायचाही नाद आहे. कल्पना सुचली की आधी नाव घेऊन टाकायचं. पहिल्या वर्षी ते स्वस्तात मिळतं, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाची मागणी येते तेव्हा खरी किंमत कळते. मग बुवा वहिनींकडे जातात. वहिनी मंत्रालयात, महानदी भवनात नोकरीला. या सगळ्या उद्योगांच्या त्या एकमेव प्रायोजक. कुठल्याही व्हिडिओच्या शेवटी त्यांचं नाव येत नाही, ते सोडा. बुवा अर्ज करतात. वहिनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतात आणि म्हणतात, "नस्ती परत. प्रयोजन नमूद नाही." दोन दिवसांनी बुवा तोच अर्ज नव्या शब्दांत घेऊन जातात. तिसऱ्या वेळेला मंजुरी मिळते. सरकारी कामाचा अनुभव आहे त्यांना.

हा माणूस जुन्या रायपुरात राहिला असता तर लोकांनी त्याला हसून हैराण केलं असतं. बूढा तलावाच्या बाजूला गर्दी इतकी, की कुणाचंच अर्धवट राहिलेलं काम फार वेळ झाकलं जात नाही. पण नवं रायपूर त्याला मानवलं. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं, राखी, परसदा, उपरवारा अशा गावांच्या शिवारात राजधानी आखली गेली, २०१२ मध्ये मंत्रालय इकडे आलं, २०१८ मध्ये नावापुढे अटल नगर लागलं. रस्ते असे, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाणार नाही. सिग्नल लाल होतो, हिरवा होतो, पुन्हा लाल होतो. थांबायला कोणी नाही, निघायला कोणी नाही. मधोमध एक गाय बसलेली असते, ती सिग्नल मानत नाही. आधी दिवे लावायचे, मग माणसं यायची वाट बघायची, ही या शहराची रीत आहे आणि बुवांचीही. त्यांना टोकलं की ते परसद्याचं स्टेडियम पुढे करतात. "२००८ मध्ये बांधून झालं भाऊ. पहिली इंटरनॅशनल वनडे कधी झाली? जानेवारी २०२३! पंधरा वर्षं खुर्च्या वाट पाहून राहिल्या होत्या. आणि झाली तेव्हा न्यूझीलंड एकशे आठात खलास. माझ्या पॉडकास्टला तर दोनच वर्षं झाली." यावर काय बोलणार? नवी विधानसभाही राज्याला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, १ नोव्हेंबर २०२५ ला उघडली. बुवांनी तेवढ्यावर आणखी दोन डोमेन घेतली.

एक ड्रोनही आहे. तो घेतला मोठ्या हौसेनं. घरी आल्यावर लक्षात आलं, की माना विमानतळ हाकेच्या अंतरावर आहे आणि तिथं परवानगीशिवाय काही उडवणं म्हणजे पोलिसांना चहाला बोलावणं. आता तो ड्रोन दिवाणखान्यात उडतो. पंखा बंद करून, पडदे बांधून. वहिनींच्या टीव्हीचं, तुळशीच्या कुंडीचं आणि झोपलेल्या सासऱ्यांचं विहंगम दृश्य बुवांकडे आहे. तसं दुसऱ्या कुठल्या प्रवासलेखकाकडे नसेल.

त्यांच्याबरोबर एकदा सिरपूरला गेलो होतो. पहाटे निघायचं ठरलं. निघालोही पहाटेच, पण 'आम्ही निघालो' हे कॅमेऱ्यासमोर सांगण्यात ऊन वर आलं. एकदा मागून ट्रकचा हॉर्न, एकदा जाकिटाची कॉलर वाकडी, एकदा बुवा 'नमस्कार मित्रांनो'च्या जागी 'हॅलो, कस्टमर केअर?' म्हणाले, कारण कानात फोन चालू होता. उजेड चांगला आहे म्हणून 'आता सिरपूरचा निरोप घेतो' हा शेवटही आरंगच्या चहाच्या टपरीवरच उरकला. टपरीवाला ऐकत होता. तो म्हणाला, "सिरपुर तो अभी आगे है, भैया."

सिरपूरला लक्ष्मण मंदिर आहे. सातव्या शतकातलं, विटांचं. राणी वासटानं पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ बांधलेलं. दारावरच्या पट्टीत शेषावर पहुडलेला विष्णू आहे, चौकटीवर अवतार आहेत, आणि विटांवरचं कोरीवकाम असं, की हात लावायचा मोह आवरावा लागतो. तेराशे वर्षांहून अधिक काळ त्या विटा एकमेकींना धरून उभ्या आहेत. बुवांचा सर्व्हर नेमका त्या दिवशी बसला. धर्मशाळांची सूची उघडेना. बुवा देवळाकडे पाठ करून हिरवळीवर बसले, लॅपटॉप मांडीवर, एक फोन कानाला, दुसरा हॉटस्पॉटला. मी देऊळ बघून आलो, नदीकाठी जाऊन आलो, राखणदार काकांबरोबर दोन घोट चहा घेऊन आलो. बुवा तिथेच. शेवटी त्या काकांनाच दया आली. ते जवळ जाऊन म्हणाले, "भैया, एक घाँव पाछू डहर घलो देख लेतेव. मंदिर ओती हे."

बुवांनी वळून पाहिलं. पाहून त्यांचा चेहरा खरंच उजळला, हे मी कबूल करतो. म्हणाले, "भाऊ, काय जबरदस्त आहे!" आणि लगेच, "याच्यावर वेगळी साइटच पाहिजे."

महिन्यातून एकदा बुवा आत्मचिंतनाला बसतात. हा त्यांचा सगळ्यात नियमित उपक्रम. त्या रात्री जाकीट खुंटीला जातं, दिवा मंद होतो आणि 'मी स्वतःला किती ठिकाणी वाटून टाकलं आहे' या विषयावर ते मनापासून लिहितात. पसारा आवरायचा, एकच काम धरायचं, तेच नीट करायचं, असा निष्कर्ष निघतो. निष्कर्ष इतका पटतो, की पसारा कसा आवरावा यावर सकाळी एक नवी लेखमाला सुरू होते. तिच्यासाठी डोमेन. डोमेनसाठी वहिनी. "नस्ती परत."

खरं सांगायचं तर माणूस लिहितो चांगलं. एकदा त्यांच्या वहीत सात-आठ ओळी वाचल्या होत्या. सेंध तलावाच्या काठानं संध्याकाळी फिरताना एक म्हातारबाबा भेटले. सहापदरी रस्त्याच्या दुभाजकाकडे बोट करून म्हणाले, "इहाँ मोर खेत रिहिस." मग बोट थोडं सरकवून, जिथं आता शोभेची झाडं आहेत तिथं, बांधावर बोरीचं झाड होतं, ते कसं होतं ते सांगितलं. एवढंच. बुवांनी एकही विशेषण न लावता उतरवलं होतं. मी म्हटलं, "बुवा, हे आधी छापा. बाकी सगळं राहू द्या."

"याला सर्च व्हॉल्यूम नाही भाऊ," बुवा म्हणाले. "बोरीचं झाड कोण शोधून राहिलं?"

त्यांना पूर्वसूरींचा मात्र मोठा आधार आहे. विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत हिंडले, पंचवीसेक वर्षांनी 'माझा प्रवास' लिहिला आणि तो छापून आला १९०७ मध्ये. "पन्नास वर्षं ड्राफ्टमध्ये!" बुवा टाळी देतात. गोडसे भटजी आधी गेले होते आणि मग लिहीत बसले, हा बारीक फरक मी दाखवतो. बुवा तो मोडीत काढतात. दुसरे माधवराव सप्रे. मराठी माणूस, पण हिंदीतच नाव काढलं. १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' काढलं, आणि पैशांअभावी तीन वर्षांत ते बंद करावं लागलं. बुवा शिकले सप्र्यांच्याच नावाच्या शाळेत, त्यामुळे हा दाखला ते घरच्या हक्कानं देतात. "सप्र्यांना सबस्क्रायबर मिळाले नाहीत भाऊ. मग आपलं काय घेऊन बसलात?"

सबस्क्रायबरचं दुःख खरं आहे. यूट्यूबच्या जाहिरातीतला वाटा हवा तर हजार सदस्य लागतात आणि वर्षभरात लोकांनी मिळून चार हजार तास व्हिडिओ पाहावे लागतात. हजारापर्यंत बुवा कसेबसे पोचले. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दहा दिवसांत त्यांनी आरतीला आलेल्या एकेकाचा मोबाइल हातात घेऊन बटण दाबलं. तासांचं काम आत्यांकडे दिलं आहे. त्यांच्या टीव्हीवर रात्रभर बुवांचे व्हिडिओ चालू असतात. आत्या सांगतात, झोप छान लागते.

एवढ्या साऱ्या खटाटोपात बुवांचं एकच पान धो धो चालतं, आणि ते त्यांनी दहा मिनिटांत केलं होतं. मार्च २०२५ च्या शेवटी रायपूरहून मंदिर हसौदवरून, नव्या रायपुरातून अभनपूरला जाणारी मेमू सुरू झाली. बुवांनी सहज वेळापत्रक टाकलं आणि सवयीप्रमाणे खाली आपला नंबर. त्यावर ना वासटा राणी, ना बिंबाजी, ना बोर. फक्त गाडी किती वाजता. पण लोक ते वाचतात आणि फोन करतात. सकाळी सहापासून. फोन घेऊ नका, असं वहिनींनी निक्षून सांगितलंय. बुवा घेतात. त्यांचं म्हणणं, माणूस फलाटावर उभा आहे, त्याला कसं टांगून ठेवायचं?

परवा मी तिथेच होतो. नव्या ॲपचा नकाशा ते मला समजावून सांगत होते, बोर्डासमोर उभे राहून, मार्करनं बाण काढत. इतक्यात फोन वाजला. बुवांनी बाण अर्धवट सोडला.

"भैया, अभनपुर वाली निकल गई क्या?"

"एक मिनट." बुवांनी दुसऱ्या फोनवर गाडी शोधली. "नहीं निकली. दस मिनट लेट चल रही है. आराम से आइए. साथ में कोई बुज़ुर्ग है क्या? तो पीछे के डिब्बे में बैठिए, उधर भीड़ कम रहती है."

"बहुत मेहरबानी भैया. आप रेलवे में हैं?"

"नहीं नहीं," बुवा जाकीट सारखं करत म्हणाले, "मैं ट्रैवल में हूँ."