गरवायला निघालेले बाबा

मालाड पश्चिमेला दर सोसायटीत असा एक बाप असतोच, ज्याला कुठे जायचं नसतं, जायचं कसं ते ठरवायचं असतं. आमच्या विंगमधल्या गृहस्थांनी यंदा लेकीला गरवायला न्यायचं ठरवलं. लेक नुकतीच दहावीत गेलेली. ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, गळ घेऊन मार्वेला जाऊ या ना एकदा." स्टेशनाबाहेरून २७२ नंबरची बस थेट मार्वेला जाते. म्हणजे ठरवण्यासारखं काही उरतच नव्हतं, आणि हाच तर त्यांचा आक्षेप होता.

आधी मासा ठरायला हवा. 'मिळेल तो' हे उत्तर त्यांना आळशीपणाचं वाटतं. त्यांनी अमेरिकेतल्या मस्कीबद्दल वाचलं. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा हा मासा एकदा लागतो, अशी तिकडे त्याची ख्याती. दुसरा कोणी इथेच बसला असता. यांनी कॅल्क्युलेटर काढला. रविवारी दोनशे फेकी धरल्या तर पन्नास रविवार. "वर्षात बसतंय," ते म्हणाले. मस्की मालाडच्या खाडीत येत नाही हे लेकीने सांगितलं, तेव्हा नाइलाजाने जिताड्यावर तडजोड झाली.

जिताडाही काही साधा नव्हे. अलिबागकडे साहेब खूश करायला तो घरपोच करायची रीत होती, यावरून काय ते समजा. तिवरांच्या मुळांशी, खडकांच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि वाहत्या पाण्याबरोबर आलेली बोय, कोळंबी मटकावतो. तरुणपणी नर असतो, पुढे मादी होतो. ही माहिती त्यांनी जेवताना दिली. "वयाबरोबर शहाणपण येत असेल," काकू आमटी वाढत म्हणाल्या.

मग भरती. फोनवर ती मिनिटागणिक दिसते, पण त्यात बापाचं कर्तृत्व काय? कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. "फोन बारा-सव्वाबारा म्हणतोय," लेक म्हणाली. "तासाभराचं निसर्गाला सोडायचं असतं," बाबा म्हणाले. कागदावर मात्र भलताच पेच उभा राहिला. रविवारी अकराला क्लास, म्हणजे भरती पहाटे हवी. पहाटेची भरती अष्टमीच्या आसपास, आणि तेव्हा पाणी भांगाचं, मरगळलेलं. उधाणाचं जोरदार पाणी पौर्णिमा-अमावास्येला, पण ते भर दुपारी नाहीतर मध्यरात्री. थोडक्यात, चंद्राने क्लासवाल्यांना विचारलेलं नव्हतं.

पवईचा पर्याय निघाला. तिथे तलावावर हौशी गळवाल्यांची जुनी संघटना आहे. पण जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड हे शब्द उच्चारताच तो बारगळला.

दरम्यान सामान येत होतं. सात फुटी रॉड, रीळ, विणलेली दोरी आणि शेवटाला जाड नायलॉन, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, बारीक दोरी कापून टाकते. सराव गच्चीवर. तिसऱ्या फेकीत प्लास्टिकचा मासा वरच्या मजल्यावरच्यांच्या डिश अँटेनाला लागला आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारी नोटीस: 'सभासदांनी गच्चीवर मासेमारी करू नये.' अशी नोटीस निघालेली दुसरी सोसायटी माझ्या तरी ऐकिवात नाही.

जून उजाडला. १ तारखेपासून यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. यांच्याकडे नौका नव्हती, यंत्र तर नव्हतंच, तरी त्यांनी बंदी कसोशीने पाळली. नारळी पौर्णिमेला कोळ्यांनी दर्याला नारळ वाहिला, पण घरात अजून अर्धा श्रावण शिल्लक. "पकडा हवा तेवढा, घरात आणायचा नाही," काकूंनी बजावलं. मग पकडून परत सोडू, असा परदेशी तोडगा त्यांनी मांडला. "सोडायचाच तर त्याला त्रास कशाला देता?" आजी म्हणाल्या. पुढे गणपती, पितृपक्ष, नवरात्र. मोकळा एक रविवार सापडला, तर त्या दिवशी पश्चिम रेल्वेचा ब्लॉक निघाला. मार्वेला जायला रेल्वे लागत नाही. पण बाबांनी आखलेल्या तक्त्यात 'वाहतूक' नावाचा रकाना होता आणि तिथे आता लाल रंग भरलेला होता.

त्याच रविवारी क्लास सुटल्यावर लेक मैत्रिणीबरोबर २७२ पकडून मार्वेला गेली. मनोरीच्या फेरीबोटीच्या धक्क्यावर काही पोरं पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली दोरी घेऊन बसली होती. त्यांनी हिलाही एक दिली, वर कोळंबीचा तुकडा. अर्ध्या तासात वीतभर शिंगाळी लागली. पोरांनी काटे सांभाळून ती सोडवली. लेकीने फोटो काढला आणि चहाच्या वेळेला घरी हजर.

बाबांनी फोटो मोठा करून पाहिला. रागावले नाहीत, चष्मा लावला, वही ओढली.

"पाणी चढतं होतं की उतरतं?"

"होतं, बाबा. पाणी होतं."

"वारा?"

"तोही होता."

त्यांनी मान डोलावली, नवं पान काढलं आणि वर ठळक अक्षरात लिहिलं: शिंगाळी. खाली रकाने आखायला घेतले. लेकीने त्यांना पट्टी आणून दिली.