ब्लोअर चारवरच का चालतो? : गृहस्थाश्रमी कारमालकांसाठी शास्त्रोक्त विधी

पंख्याचा खटका एक, दोन, तीन या आकड्यांवर मख्ख बसून राहतो आणि चारवर नेताच केबिनमध्ये वादळ सुटते, तेव्हा कारमालकाच्या आयुष्यात नवे पर्व सुरू झाले असे समजावे. घाबरू नये. आजार जुना आहे, निदान सोपे आहे आणि औषध बहुतेक साध्या गाड्यांना काहीशे रुपयांत मिळते. अडचण एवढीच, की निदानाच्या आधी सल्लागार येऊन पोचतात.

पहिला सल्ला ‘गॅस भरून घ्या’ हा. तो शांतपणे ऐकावा आणि मानू नये. गॅसमुळे हवा गार होते. ती हवा ढकलायचे काम ब्लोअरचे. एसी आणि हीटर यांच्यात मिळून हा एकच पंखा असतो. ‘महाराष्ट्रात हीटर लागतो कुणाला?’ असे विचारणाऱ्याने जुलैतला खंडाळ्याचा घाट आठवावा. काच आतून धुरकटते, समोरच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसतात आणि मागच्या सीटवरून कुणीतरी रुमाल पुढे करते. तिथे ब्लोअर नसेल तर भिस्त त्या रुमालावरच. मे महिन्यात कसाऱ्याच्या चढावर इंजिनाचा काटा लाल रेषेकडे सरकला, की जाणते ड्रायव्हर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर नेतात. इंजिनाचे तापलेले पाणी हीटरच्या जाळीतून फिरते, पंखा ती उष्णता केबिनमध्ये फेकतो. प्रवासी उकडून निघतात, पण इंजिनाला उसंत मिळते.

आता थोडे शरीरशास्त्र. ब्लोअरची मोटर बॅटरीच्या बारा व्होल्टवर चालते. तिला हळू फिरवायचे तर वाटेत अडथळा घालावा लागतो. तो घालणारा भाग म्हणजे रेझिस्टर. साध्या खटक्याच्या गाड्यांत तो प्लॅस्टिकच्या किंवा चिनी मातीच्या पट्टीवर बसवलेला असतो. तिच्यावर बॉलपेनमधल्या स्प्रिंगसारखी तारेची दोन-तीन वेटोळी असतात. एक नंबरला वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, दोनला त्यातल्या काहींतून, तीनला आणखी कमी. चारला ती रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरकडे जाते. म्हणून रेझिस्टर मेला तरी चार नंबर जिवंत राहतो. अडवलेल्या विजेची उष्णता होते, त्यामुळे हा भाग मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यातच बसवतात आणि त्याच्यावर एक थर्मल फ्यूज ठेवतात. तापमान हाताबाहेर गेले की तो फ्यूज वितळून आत्मबलिदान करतो. तीन वेग जातात, गाडी वाचते.

निदानाचा पहिला प्रयोग म्हणजे थप्पड. ही पारंपरिक पद्धत असून तिला हसू नये. डाव्या बाजूच्या प्रवाशाच्या पायांच्या वर, डॅशबोर्डखाली मोटरचे गोल घर असते, त्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावे. बंद पंखा ठोकल्यावर फिरू लागला तर मोटरचे ब्रश झिजलेले असण्याची शक्यता मोठी. ठोकूनही एक-दोन-तीन गप्प आणि चार ठणठणीत असेल, तर संशयित रेझिस्टर. चारही नंबर मेलेले असतील तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत, मगच मोटरवर आळ घ्यावा. ज्या गाड्यांत तापमान आपोआप राखणारा एसी आहे, तिथे वेटोळ्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. हा ग्रंथ त्यांना लागू नाही.

शस्त्रक्रियेची वेळ रविवारी सकाळची ठेवावी, म्हणजे सोसायटीतले तज्ज्ञ मोकळे असतात. आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढावा आणि काही मिनिटे थांबावे. डाव्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीत ही पायरी गाळू नये. बॅटरी काढल्याने घड्याळ शून्यावर जाते आणि अनेक घरांत गाडी विकेपर्यंत तसेच राहते. मग ग्लोव्ह बॉक्स रिकामा करावा: मुदत संपलेले पीयूसी, टोलच्या पावत्या, एका डोळ्याचा गॉगल. दोन्ही बाजूंच्या कड्या आत दाबल्या की बहुतेक गाड्यांत कप्पा खाली उतरतो. डोके डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर, हे आसन साधावे. येणारा-जाणारा प्रत्येकजण पायांशी बोलेल. उत्तर द्यायचे बंधन नाही.

ब्लोअरच्या घराजवळ तीन-चार तारांचा प्लग असलेली छोटी पट्टी दिसेल. ती गार असल्याची खात्री करून प्लग ओढावा, दोन स्क्रू काढावेत. मल्टिमीटर असेल तर थर्मल फ्यूजच्या दोन टोकांना लावावा. जोडणी दिसली नाही तर आरोप सिद्ध. मीटर नसला तरी डोळे असतातच. पांढऱ्या प्लगवरचा तपकिरी डाग, वितळलेली कड, तुटलेले वेटोळे हे सगळे पुरावेच. प्लग जळला असेल तर तोही बदलावा, कारण सैल जोडणी नवा रेझिस्टरही जाळते. मग जुना नमुना खिशात घालून, पुण्यात असाल तर, सुट्या भागांसाठी नाना पेठ गाठावी. तिथे गाडीचे मॉडेल आणि साल सांगूनही ‘पीस आणलाय का?’ असे विचारतातच.

याच टप्प्यावर एक हितचिंतक म्हणतो, ‘नवा कशाला, फ्यूजच्या जागी तार मार.’ इथे विनोद थांबवावा लागतो. ब्रिटनमध्ये व्हॉक्सहॉल झाफिरा बी या गाड्यांना आगी लागू लागल्या, तेव्हा तपासाचा रोख हीटरच्या याच रेझिस्टरकडे वळला. थर्मल फ्यूजची चुकीची दुरुस्ती झाल्याचे कारण कंपनीने पुढे केले. 2015 मध्ये सव्वादोन लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या गेल्या, 2016 मध्ये पुन्हा. ब्रिटिश संसदेच्या वाहतूक समितीने 2017 च्या अहवालात कंपनीच्या दिरंगाईवर ताशेरे ओढले. तेव्हा तार मारणाऱ्या हितचिंतकाला चहा पाजावा, पकड हाती देऊ नये.

नवा भाग बसवण्याआधी जुना का मेला हे पाहणे गरजेचे आहे, आणि नेमके हेच कुणी पाहत नाही. गाडी गुलमोहराखाली उभी राहत असेल तर त्याची बारीक पाने वायपरखालच्या जाळीतून आत जातात. कधी उंदीर स्पंजचे घरटे करतो. केबिन फिल्टर असेल तर तो धुळीने बंद झालेला असतो. अनेक जुन्या छोट्या गाड्यांत तो नसतोच. वारा अडला की रेझिस्टर गार होत नाही. मोटरचा पंखाही बोटाने फिरवून बघावा. तो अडखळत असेल तर मोटर जास्त वीज ओढते आणि नव्या रेझिस्टरचीही तीच गत होते.

शेवटी प्लग लावून, बॅटरी जोडून, कप्पा बसवण्याआधी चारही नंबर चालवून पाहावेत. सगळे झाल्यावर एक स्क्रू उरेल, तो कुठला हे त्याच दिवशी शोधावे. आणि पावसाळ्यापूर्वी गॅरेजवाल्याला ‘गॅस चेक करा’ सांगण्याआधी एकदा ‘फिल्टर काढून दाखवा’ म्हणून बघा.