कॅमेऱ्यापुरते सज्जन

मोबाइलमधली बाई सांगते, पुढे कॅमेरा आहे. एकशे तीसवरचा काटा झटकन शंभरवर येतो. खांब मागे पडला की पुन्हा एकशे तीस. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ही कसरत कोणी पाहिलेली नाही?

वेगमर्यादा रस्त्याची होती, खांबाची नव्हे.

म्हणून 2024 च्या जुलैत या मार्गावर सुरू झालेली यंत्रणा मला मोलाची वाटते. ती सरासरी वेगही मोजते. एका कमानीखाली नंबरप्लेट टिपली, पुढच्या कमानीखाली पुन्हा टिपली. मधलं अंतर माहीत, लागलेला वेळ माहीत. उरला भागाकार. 10 किलोमीटर 5 मिनिटांत कापले, तर वेग 120. दोन्ही कमानींखाली तुम्ही कितीही सोज्वळपणे गेलेले असा.

भागाकाराला ‘साहेब, जाऊ द्या ना’ ऐकू येत नाही.

आणि या घाईतून मिळतं काय? रस्ता साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. सबंध मार्ग 100 ने कापला तर 57 मिनिटं, 120 ने 47. वाचलेली दहा मिनिटं वाकडच्या कोंडीत जातात. धडक झालीच, तर तिची ऊर्जा मात्र 44 टक्के जास्त.

आता सरकारकडे वळू. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली 167 अ हा नियम आला. कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा. यंत्राला मान्यतापत्र हवं, त्याचं दरवर्षी नूतनीकरण हवं. चलनावर छायाचित्र आणि मोजलेला वेग हवा. भाजीवाल्याच्या काट्यावरही तपासणीचा शिक्का लागतो. मग हजार-दोन हजारांचा दंड ठोकणारं यंत्र शेवटचं कधी तपासलं, ती तारीख चलनावर छापायला कसली अडचण?

छापा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील. उरलेल्या निम्म्या ऐकून घ्याव्याच लागतील.

आणि नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर कमानींचीही वाट पाहू नका. 701 किलोमीटर, मोटारींना मर्यादा 120. टोल अंतरावर घेतात, म्हणजे गाडी कुठे चढली, कुठे उतरली आणि केव्हा, हे नाक्यांवर नोंदलेलं असतंच. नागपूरला चढलेली मोटार पाच तासांत दुसऱ्या टोकाला, आमण्याला उतरली, तर आणखी कोणता पुरावा हवा?

पावती फाडा.